भुजंगप्रयात अखेर बीटवर बसलं

काल रात्री माझ्या रॅपचं चौथं यमक सहाव्या बारच्या (चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या) पहिल्या किकवर (ड्रमच्या जड ठोक्यावर) नेमकं पडलं आणि मी हेडफोन काढून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मागच्या नोंदीत ‘भुजंगप्रयात हे वृत्त सोडतोय, त्याऐवजी पादाकुलक हा दुसरा छंद घेतो’ असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. ईपीत (छोट्या अल्बममध्ये) पाच गाणी, पाच जुने छंद, आणि भुजंगप्रयात राहणार.

अभंग इतक्या लवकर का जमला आणि हे का अडलं, ते आता नीट कळतंय. अभंग अक्षरं मोजतो. सहा-सहा-सहा-चार सांभाळलं की एखादं अक्षर ओढा, एखादं दाबा, तो तुमच्या फ्लोला (म्हणण्याच्या ओघाला) सांभाळून घेतो. भुजंगप्रयातात तशी सूट नाही. लघु-गुरु-गुरु (लघु अक्षर एक मात्रेचं, गुरु दोन), चार वेळा. अक्षरं बारा, मात्रा वीस. आणि आपल्या बारमध्ये घरं सोळा, चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. वरच्या चार मात्रा ठेवायच्या कुठे, या एका प्रश्नानं तीन आठवडे खाल्ले.

आधी एका ठोक्याचे पाच भाग केले. एक ‘यगण’ म्हणजे पाच मात्रा, चार ठोक्यांत चार यगण, ओळ एका बारमध्ये पूर्ण. कागदावर सुरेख. पण हायहॅट (ड्रम्समधली झांज) चाराच्या हिशोबात आणि आवाज पाचाच्या, त्यामुळे प्रत्येक ठोक्याच्या पोटात दोघांची टक्कर. ड्रम्सही पाचात करून पाहिले, तर डोकं हलायचं थांबलं. ज्या बीटवर डोकं हलत नाही ती मला नको. मग गुरु अक्षरं आखडून ओळ सोळात कोंबली. ओळ मावली, पण वृत्त गेलं. मनाच्या श्लोकांचे २०५ श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ही चाल ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून मुरलेली आहे. तो कान जागा व्हावा म्हणून तर हे वृत्त घेतलं. तेच मोडलं तर उरलं काय?

वाट सापडली ती अमेरिकन रॅपर राकिम ऐकताना. सॅक्सोफोन वाजवणारा, जॅझवाला कोल्ट्रेन ऐकणारा माणूस. त्याची ओळ बारची रेघ बिनधास्त ओलांडून पलीकडे संपते. मग मी वीसला सोळात बसवण्याचा हट्टच सोडला. चार ओळी म्हणजे ऐंशी मात्रा. ऐंशी भागिले सोळा, पाच. अख्खा श्लोक बरोबर पाच बारमध्ये संपतो! प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक ठोका पुढे सरकत जाते, एवढंच.

पण यमकं तरीही किक-स्नेअरच्या (ड्रमच्या जड आणि कडक ठोक्यांच्या) मधल्या फटीत पडत होती. मग सगळा श्लोक अर्धा ठोका उशिरा सुरू केला. आता मोजून बघा: पहिल्या ओळीचं शेवटचं गुरु दुसऱ्या बारच्या दुसऱ्या ठोक्यावर, स्नेअरवर. दुसऱ्या ओळीचं तिसऱ्या बारच्या तिसऱ्यावर. तिसरीचं चौथ्याच्या चौथ्यावर, पुन्हा स्नेअर. आणि चौथीचं थेट सहाव्या बारच्या समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर. तिहाई (तीनदा येणारा बोल) समेवर येते तेव्हा छातीत जे होतं, तेच झालं.

सध्याचा श्लोक असा आहे:

उशाशी वही अन् उरी ठोक चाले
जुन्या या लयीला नवे बोल आले
जिथे श्वास तुटतो तिथे शब्द पेरू
मुक्या माणसांचा नवा सूर हेरू

तिसऱ्या ओळीवर वृत्तवाले बोट ठेवतील. ‘तुटतो’ व्याकरणानं लघु-लघु-गुरु, म्हणजे ओळीत तेरा अक्षरं. पण बोलताना आपण ‘तुट्-तो’ म्हणतो, आणि कानाला ते दोन गुरुच आहेत. माझा निर्णय झालाय: मोजणी तोंडाची, कागदाची नाही. रॅप बोलीतूनच यायला हवा. कागदासाठी ‘घर’चा ‘र’ पूर्ण उच्चारायला लागलो की गाणं लगेच स्नेहसंमेलनातलं वाटतं. पहिल्या जोडीतलं ‘चाले-आले’ मात्र बदलणार. मराठीत क्रियापद ओळीच्या शेवटी येऊन बसतं आणि फुकटचं यमक देऊन जातं. अभंगाच्या वेळी ठरवलं होतं, क्रियापदांचं यमक एका श्लोकात एकदाच. ‘पेरू-हेरू’ ठेवायचंय, म्हणजे वरचं जाणार.

आता नवी अडचण, श्वासाची. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोक्यांना) हा श्लोक बारा सेकंद चालतो आणि मध्ये एकही रिकामी मात्रा नाही. पंच-इन करून (तुकड्या-तुकड्यानं रेकॉर्ड करून) सहज भागेल, पण जे मंचावर एका दमात म्हणता येत नाही ते रेकॉर्डही करायचं नाही, हा नियम मला मोडायचा नाही. सध्या दुसऱ्या ओळीचं शेवटचं गुरु अर्ध्यावर तोडून उरलेल्या मात्रेत श्वास चोरतोय. ०.१५ सेकंद मिळतात. पुरतात, पण तिसऱ्या ओळीचा ‘जि’ कधीकधी गिळला जातो.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं. पाच बारचा श्लोक आठ बारच्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यात) तीन बार मोकळे सोडतो. तिथे मी साधा फ्रीस्टाइल टाकणार होतो. पण पोवाड्यात शाहीर दम कसा घेतो? मागे झीलकरी (साथीला सूर धरणारे) ‘जी जी रं जी’ धरतात तेव्हा! शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज इतके दिवस ऐकतोय, पण त्या मागच्या झीलकडे श्वासाची जागा म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे सहाव्या बारच्या समेवर माझं यमक, दुसऱ्या ठोक्यापासून झील, तीन बार. श्लोकानंतरचा दम तिथे भरून घ्यायचा. पाच अधिक तीन, दोनदा, की सोळा बारचा व्हर्स (रॅपचं कडवं) तयार. पोवाडा पाचवं गाणं म्हणून वेगळा ठेवला होता, आता तो बहुतेक इथेच विरघळणार. मग पाचव्या जागी ओवी? तिचं साडेतीन चरणांचं अंग बीटवर काय करेल, हे बघायला हात शिवशिवताहेत.

साधनांबद्दल थोडं. ज्या विक्रेत्याकडून बीट भाड्यानं घेतली होती, त्यानं १०० बीपीएम लिहून प्रत्यक्षात ९८ ची फाइल दिली, तीही स्टेम्सशिवाय (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइलींशिवाय). मात्रा सरकताहेत म्हणून मी दोन संध्याकाळी स्वतःच्या जिभेला दोष देत बसलो. यापुढे ड्रम्स स्वतःच रचणार. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड (ठोक्यांची चौकट) हवी तशी कापता येते, पाचात, सातात, आणि या कामाला मला त्याहून सोयीचं काही सापडलेलं नाही. माइक एसएम५८ च. कंडेन्सर माइकवर खोलीचा घुमारा इतका येतो की तोडलेलं गुरु तोडलेलं वाटतच नाही.

आज रात्री ९६ आणि १०४ दोन्ही वेगांवर म्हणून बघतो. ९६ ला ‘जि’ वाचतो का, ते पाहायचंय. झीलसाठी तीन वेगळे आवाज हवेत, माझेच तीन थर नकोत. कुणी पट्टीत ‘जी जी’ धरणारं असेल तर कळवा. आणि कोरडं, रिव्हर्बशिवायचं तुणतुणं कुणी रेकॉर्ड केलंय का?