मधला निम्मा

मी मध्यकाच्या (चढत्या क्रमातल्या अगदी मधल्या आकड्याच्या) पुढच्या पायरीबद्दल लिहितो, कारण स्पॅनिश अहवालांची भाषांतरं करणारे बहुतेक तिथेच अडखळतात.

शब्द आहे 'रांगो इंतेरक्वार्तीलिको', म्हणजे आंतरचतुर्थक विस्तार. आकडे चढत्या क्रमाने लावायचे; त्यांचे चार सारखे भाग पाडणारे तीन टप्पे म्हणजे चतुर्थक. तिसऱ्या चतुर्थकातून पहिला वजा करायचा. दवाखान्यात ११ जणांना थांबावं लागलेली मिनिटं घ्या: ४, ६, ७, ९, १०, १२, १३, १५, १८, २१, ३१. मध्यक १२. आता मध्यक सोडून दोन्ही बाजूंचे पाच-पाच आकडे घेऊन त्यांचे मध्यक काढले तर चतुर्थक ७ आणि १८, विस्तार ११. मध्यक दोन्हीकडे धरला तर ८ आणि १६.५, विस्तार ८.५. दोन्ही उत्तरं बरोबर! एक्सेलच्या स्पॅनिश आवृत्तीत म्हणूनच 'क्वार्तिल' या नावाची दोन सूत्रं आहेत, एकापुढे 'एक्स्क' (वगळून) आणि दुसऱ्यापुढे 'इंक' (धरून).

फरक किरकोळ वाटतो, पण संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या नियमाने तिसऱ्या चतुर्थकापुढे विस्ताराच्या दीडपटीहून लांब पडलेला आकडा बाहेरचा, म्हणजे इतरांपासून फारच दूरचा. पहिल्या रीतीने ही हद्द, म्हणजे कुंपण, ३४.५ वर, दुसरीने २९.२५ वर. म्हणजे ३१ मिनिटं थांबलेला माणूस एकीत आत, दुसरीत बाहेर. रीत कोणती ते लिहिलं नसेल तर विचारून घ्यावं. चतुर्थक दाखवणाऱ्या आकृतीला स्पॅनिशमध्ये 'पेटी आणि मिशा' म्हणतात. पेटीची लांबी हाच आपला विस्तार. (मिशा हा शब्द मला इंग्रजीपेक्षाही चपखल वाटतो.)

शब्दांचे खड्डे वेगळेच. 'रांगो' म्हणजे विस्तार, पण विल्कॉक्सनच्या चाचणीत (जिथे आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरतात) तोच शब्द क्रमांक या अर्थाने येतो. तिथे विस्तार लिहिलं की सगळं वाक्य कोसळतं. 'रेकोर्रीदो' हा पर्यायी शब्द त्यामुळे बरा. विस्ताराच्या शब्दाला 'सेमी' (अर्धा) लागला तर उत्तर निम्मं, आपलं चतुर्थक विचलन. वैद्यकीय लेखांत मध्यकापुढे कंसात ७-१८ असं दिसलं, तर ते बहुतेकदा दोन चतुर्थक असतात. वजाबाकी आपण करायची. आणि स्पेनमधल्या तक्त्यात ८,५ हे दोन आकडे नाहीत, साडेआठ आहेत.