डब्यात धावणारी मांजर

टॅबलेट टेबलावर आडवा ठेवायचा आणि स्क्रीनच्या मधोमध चकचकीत स्टीलचा उभट डबा ठेवायचा. स्क्रीनवर दिसतात ते डब्याभोवती वळलेले, हलणारे काळे पट्टे. डब्यावरच्या प्रतिबिंबात मात्र मांजर धावत असते! पेला चालत नाही. तो वर रुंद होत जातो, मग शंकूचं गणित लागतं.

असं वेडंवाकडं चित्र, जे ठरावीक जागेवरून किंवा आरशातच नीट दिसतं, त्याला अ‍ॅनामॉर्फोसिस म्हणतात. चित्रकार होल्बाइनने १५३३ साली ‘द अँबॅसेडर्स’ या चित्रात कवटी अशीच ताणून रंगवली, ती बाजूने पाहिली की सरळ दिसते. त्याचं चित्र स्थिर होतं. मला हालचाल हवी होती, म्हणून मी पी५.जेएसमध्ये, म्हणजे चित्रं काढण्यासाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, कोड लिहिते.

सोपी रीत अशी: चित्रातल्या आडव्या अंतराचा कोन करायचा, उभ्या अंतराची त्रिज्या. पाय डब्यालगत, कान सर्वांत लांब, डावं-उजवं उलट. पण त्रिज्या समान टप्प्यांनी वाढवली तर मांजरीचे कान चेपतात. म्हणून मी पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून डब्यावरच्या प्रत्येक बिंदूकडे किरण सोडते, आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे ठेवून तो खाली वळवते. स्क्रीनवर टेकेल तिथे ठिपका. हे गणित एकदाच करून तक्ता साठवायचा. प्रत्येक फ्रेमला नुसता तक्ता वाचायचा, त्यामुळे जुन्या टॅबलेटवरही मांजर अडखळत नाही. चित्र वाकवणाऱ्या तयार फिल्टरमध्ये हा आनंद नाही, असं माझं ठाम मत आहे.

डोळ्याची उंची आता स्लायडरने बदलता येते, ती बदलली की तेवढा तक्ता पुन्हा बनतो. उभा असलेला भाचा आणि खुर्चीत बसलेली आजी, दोघांनाही कान नीट दिसतात.