पिवळा दिवा
नागपुरात वर्धा रोडवर आपल्या २०१२ च्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. लुकलुकत नव्हता, म्हणून हळूहळू घरी आणली. लुकलुकला असता तर मिसफायर समजायचं, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही; मग गाडी पुढे रेटली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाची, वाट लागते.

एका गॅरेजात बॉनेटही न उघडता निदान झालं: धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर गेला! असले डॉक्टर मला नाही पटत. मित्राचा, बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखाली लावला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. गंमत पुढे आहे. फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय तो आकडा, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक १९ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ४. म्हणजे हवा कुठूनतरी चोरून आत शिरतेय; आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, म्हणून ती चोरी तिथेच जास्त दिसते. पेट्रोल पंप कमजोर असता, तर आकडा वेग वाढवल्यावर चढला असता.

धंतोलीतले ओळखीचे मिस्त्री हसले. "भाऊ, सेन्सर काहून बदलून राहिले? तो तं खरं सांगून राहिला ना!" इनटेकजवळचा, म्हणजे इंजिनात हवा जाते तिथला, रबरी व्हॅक्यूम पाइप चिरलेला निघाला. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो इथे, रबर बिचारं काय करणार?

पाइप बदलला, कोड पुसला. सेन्सर जुनाच. एसीबद्दल सध्या कोणी विचारू नये.