वार गेली पिवळ्या पिशवीत

तिचा आवाज मी सातव्या महिन्यातच ऐकला होता. जाड, घोगरा. "सर्दी झालीय का गं?" म्हटलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि पुढची फाइल ओढली. हनुवटीवर चार राठ केस होते, गालभर मुरुमं होती. गरोदरपणात त्वचा बदलते, हे उत्तर माझ्याकडे तयारच होतं. सोबत आलेली सासू खुशीत होती. "पोरगाच असंल बघा, म्हणून आवाज जाड झालाय." असं काही नसतं म्हणून मी तिला नेहमीसारखं दटावलं. सून सासूला 'आत्या' म्हणत होती. तेही कानावर पडलं आणि तसंच विरून गेलं.

तालुक्याच्या गावात माझं छोटं प्रसूतिगृह आहे. बाळंतपण पहाटे अडीचला झालं, अगदी सरळ. बाळ रडलं, वार (प्लॅसेंटा) पूर्ण पडली, रक्तस्राव बेताचा. मी टाक्याची सुई हातात घेतली होती, तेवढ्यात बाळ पुसणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, जरा बघता का?" चोवीस वर्षं बाळंतपणं करणारी बाई. तिचा आवाज असा खाली आलेला मी क्वचितच ऐकलाय.

बाळाला छोट्या शिश्नासारखा उंचवटा होता, पण लघवीची वाट त्याच्या बुडाशी. खाली सुरकुतलेली, चिकटलेली कातडी, अंडकोषाच्या पिशवीसारखी. चाचपून पाहिलं तर आत गोळी लागेना, ना या बाजूला ना त्या.

दाराबाहेर आत्याबाई उभ्या. "मॅडम, पेढे आणायला लावू का बर्फी?"

आमच्याकडे मुलाचे पेढे, मुलीची बर्फी. या बाळासाठी कुठली मिठाई सांगायची, हे मला त्या क्षणी खरोखरच माहीत नव्हतं. "दोन दिवस काहीच आणू नका," एवढंच बोलले. रजिस्टरातला लिंगाचा रकाना सिस्टरांनी पेन्सिलीचं टिंब देऊन मोकळा ठेवला. जन्मनोंदणीला एकवीस दिवस असतात, म्हणून निभावलं.

सकाळी बालरोगतज्ज्ञ आले. दोघांच्याही डोक्यात पहिलं नाव एकच होतं, सीएएच हा जन्मजात आजार. यात बाळाच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथीत एक एन्झाइम कमी असतं आणि ग्रंथी पुरुषी संप्रेरकं भरमसाट बनवते. त्याच्या एका प्रकारात दुसऱ्या आठवड्यात अंगातलं मीठ वाहून जातं आणि बाळ दगावू शकतं. म्हणून रोज सोडियम-पोटॅशियम पाहायचं, वजन करायचं. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं. म्हणजे आतून मुलगी. तिसऱ्या दिवशी सतरा-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनसाठी, म्हणजे सीएएचमध्ये चढणाऱ्या संप्रेरकासाठी, रक्त पुण्याला गेलं. अहवाल नॉर्मल आला. क्षारही जागेवर. नेहमीचा सीएएच बाद झाला.

त्या संध्याकाळी राउंडला गेले तर बाळाला पाजता पाजता ती म्हणाली, "मॅडम, माझा आवाज परत येईल ना? भजनी मंडळात मी वरच्या पट्टीत म्हणायची. पाचव्या महिन्यापासून लागतच नाही."

मी तिच्या खाटेवर बसलेच. बाळाला सीएएच असता, तर हिचा आवाज बदललाच नसता. बाळाची जास्तीची पुरुषी संप्रेरकं वार अडवते आणि त्यांचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, करून टाकते. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे अरोमॅटेज. एरवीही गर्भाच्या अ‍ॅड्रीनलमधून निघणारा कच्चा माल वारेत येतो, तिथे आधी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनतं आणि मग अरोमॅटेज त्याचं इस्ट्रोजेन करतं. हे एन्झाइमच नसेल तर अँड्रोजेन साठतं आणि दोन्हीकडे उतरतं, पोटातल्या मुलीकडे आणि आईकडे. इकडे आवाज, हनुवटी, मुरुमं. तिकडे ते चिकटलेलं अंग. आणि गंमत बघा, हेच एन्झाइम काही दिवस बंद पाडणारी लेट्रोझोलची गोळी मी आठवड्यातून दहा जणींना स्त्रीबीज वाढावं म्हणून लिहून देते.

आत्याबाईंना चहाला पाठवलं आणि तिला एकटीला विचारलं, मुलगा व्हावा म्हणून कुणी पुडी, गोळी दिली होती का? असल्या औषधांतून स्टेरॉइड पोटात गेल्याचं आपल्या देशात सापडलेलं आहे. तिने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हटलं. तिच्या अंडाशयात गाठही नव्हती. तिचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मात्र अजून चढलेलं होतं.

वार तपासता आली असती तर उत्तर तिच्यातच होतं. पण ती पहिल्याच सकाळी पिवळ्या पिशवीतून जैविक कचऱ्याच्या गाडीत गेली होती, नियमाप्रमाणे, माझ्याच सहीने. मग राहिली जनुक तपासणी. पीओआर नावाचं दुसरं एन्झाइम बिघडलं तरी चित्र बरंचसं असंच दिसतं, त्यामुळे ती करायचीच होती.

अहवाल यायला काही आठवडे गेले. 46, एक्सएक्स, म्हणजे गुणसूत्रं मुलीची. पंधराव्या गुणसूत्रावरच्या सीवायपी-एकोणीस-ए-एक या, अरोमॅटेज बनवणाऱ्या, जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच एक बदल. एक आईकडून, एक बापाकडून. मामाच्या मुलीशी लग्न. दोघांचे आजी-आजोबा एकच. 'आत्या' हा शब्द सातव्या महिन्यात कानावर पडला होता तो इथे येऊन ठणकला.

वारेतलं अरोमॅटेज नसल्याची अशी पहिली नोंद 1991 साली जपानमधून झाली; तिथेही आईच्या अंगावर आधी खुणा उमटल्या होत्या. मुलगे मात्र जन्मतः साधारण दिसतात आणि निसटतात. इस्ट्रोजेनशिवाय हाडांची टोकं जुळत नाहीत, पुरुषांचीसुद्धा. 1995 साली छापून आलेल्या एका रुग्णाची उंची चोविसाव्या वर्षी 204 सेंटीमीटर होती आणि हाडांचं वय चौदा. आत्याबाईंना विचारलं, तुमच्यात कुणी वाढतच राहिलेला आहे का? "आमच्यात समदे बुटके," त्या म्हणाल्या.

बर्फी वाटली गेली, उशिरा. आईचं टेस्टोस्टेरॉन खाली आलं, मुरुमं गेली. आवाज थोडा उजळला, पण वरची पट्टी अजून लागत नाही. मुलीला वयात येताना इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं लागेल, हाडांवर आणि अंडाशयातल्या गाठींवर लक्ष ठेवावं लागेल. शस्त्रक्रियेची घाई करायची नाही, हे तिच्या बापाला मी तीनदा सांगितलं.

अहवालाच्या दिवशी कागदावर वंशवेल काढून आत्याबाईंना दाखवली. पुढच्या प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. त्या बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकट्याचं पण भावाच्या धाकटीशीच ठरीवलंय. दिवाळीनंतर."

दोघांचंही रक्त आधी तपासू या, मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली. "मॅडम, माझ्या भावाला तुम्हीच सांगा की. खाली रिक्षात बसलाय त्यो."