सुईच्या उजवीकडची जागा

गोधडीच्या कडेला टिपा मारताना माणूस जितका शांत असतो, तितका मध्यावर पोचल्यावर राहत नाही. कडेला सगळं सुरळीत चाललेलं असतं. कापड डावीकडे ऐसपैस पसरलेलं, हात मोकळे, टाके एकसारखे. मध्याकडे सरकावं तसा उजवा अर्धा भाग मशीनच्या बोगद्यात कोंबावा लागतो. तो फुगतो, खांबाला अडतो, हातांना मागे रेटतो आणि नेमका तेव्हाच बॉबिनमधला दोरा संपतो. नवं, मोठं, भारीतलं मशीन घ्यावं हा विचार बहुतेक वेळा याच मिनिटाला जन्मतो. दुसऱ्या दिवशी त्याला कारणं फुटू लागतात. दिवा मंद आहे, नक्षीटाके मोजकेच आहेत, सुईत दोरा ओवायची सोय नाही. ही सगळी मागाहून गोळा केलेली साक्षीदार मंडळी. मूळ फिर्याद जागेची असते.

ही जागा म्हणजे सुईपासून मशीनच्या उजव्या खांबापर्यंतचं अंतर. साध्या घरगुती मशीनला ते १५ ते १८ सेंटिमीटर असतं, क्विल्टिंगसाठी, म्हणजे गोधडीचे थर एकत्र टिपण्यासाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या वरच्या श्रेणीतल्या मशीनना २३ पासून ३४ सेंटिमीटरपर्यंत. कागदावर फरक वीतभरही वाटत नाही, म्हणून जरा हिशेब करून पाहू. गोधडी ९० इंच रुंद असेल, तर मध्यावर शिवताना ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटर कापड उजवीकडे जातं. वरचं कापड, मधला थर आणि अस्तर मिळून अर्धा सेंटिमीटर जाडी धरली, तर अगदी आवळून केलेल्या गुंडाळीचा व्यास साडेआठ सेंटिमीटर येतो. पण कापड इतकं शहाण्यासारखं गुंडाळलं जात नाही. प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर धरायचे. १७ सेंटिमीटरच्या बोगद्यातून ते वजा केले की उरतात ५. तेवढ्यात तळहात सपाट टेकत नाही, मग बोटांच्या टोकांनी कापड ढकलावं लागतं आणि नागमोडी टिपेची दातेरी टीप होते. बोगदा ३० सेंटिमीटरचा असला तर उरतात १८. तिथे हात हातासारखा वागतो.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ३० इंचांपेक्षा जास्त कापड उजवीकडे जातं ते फक्त मधल्या एक तृतीयांश पट्ट्यात. बाकीचं काम कापड फिरवून घेतलं की लहान मशीनवरही बिनतक्रार होतं. शिवाय गोधडी तीन भागांत भरून, शिवून मग ते भाग जोडता येतात. त्यामुळे वर्षातून एखादीच मोठी गोधडी होत असेल आणि बाकी पाळण्यातली दुपटी, भिंतीवरची लहान कामं असतील, तर हा सारा खर्च एका पट्ट्यासाठी होणार आहे, एवढं मनाशी धरून पुढे जावं.

मशीनच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी मशीनच्या नसतातच. टाका चुकतो, दोरा तुटतो, टकटक आवाज येतो, यात पहिली संशयित सुई. साधारण आठ तास शिवल्यावर ती बदलायची असते; ती मोडेपर्यंत वापरणारे लोक मशीन मात्र हौसेनं बदलतात. सुईवरचा मोठा आकडा तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड. तुकडे जोडायला ७५ किंवा ८०, तीन थर शिवायला ९०, असा ढोबळ ठोकताळा. मुक्त हातानं, म्हणजे कापड स्वतः हातांनी फिरवत, शिवताना टाके सुटत असतील तर आणखी एक कारण असतं. सुई वर येताना जाड थर तिच्याबरोबर उचलला जातो, दोऱ्याचा फास नीट पडत नाही आणि खालचा हुक त्याला पकडू शकत नाही. अशा वेळी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, किंचित खाली घ्यायचा किंवा सुई एक नंबर जाड लावायची. काम दोन मिनिटांचं.

दुसरी संशयित म्हणजे टेबलाची कड. गोधडीचं ओझं टेबलाखाली लोंबत असलं की सुई कापडात असतानाच कापड खेचलं जातं. सुई वाकते, तिच्याखालच्या धातूच्या पट्टीवर आपटते, टाके लहानमोठे पडतात. मशीनचा तळ आणि टेबल एका पातळीत आणून डावीकडे आणि मागे आणखी एकेक टेबल लावलं, तर जुनं मशीनसुद्धा एकदम सुस्वभावी वाटायला लागतं. नवं मशीन १२-१५ किलोचं असलं तरी डुगडुगत्या टेबलावर तेही डुगडुगणारच.

तिसरी तक्रार कोपरे न जुळण्याची. इथे दोष जवळजवळ नेहमीच मायेचा. शिवणीसाठी सोडलेली माया पाव इंच हवी. ती कमी पडली तर शिवण उसवते, जास्त झाली तर ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून झालेला चौकोन, आखडतो. एका मायेत १/३२ इंचाची चूक म्हणजे नजरेला दिसतही नाही. पण प्रत्येक शिवणीत माया दोन, म्हणून शिवणीमागे १/१६ इंच जातो, आणि आठ शिवणींच्या ब्लॉकमध्ये तोच अर्धा इंच होतो. तपासायची रीत सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या, इस्त्री करायची आणि मोजायचं. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. नाही भरली तर पाव इंचाला केसभर कमी धरून पुन्हा. दोऱ्याची आणि कापडाच्या घडीची जाडीही थोडी जागा खाते, म्हणून तो केसभर.

गंमत म्हणजे या एका बाबतीत महागडं मशीन उलट त्रास देऊ शकतं. वरच्या श्रेणीतली बरीच मशीन ९ मिलिमीटर रुंदीची नक्षी काढतात. त्यासाठी सुईच्या पट्टीतलं भोक रुंद असतं आणि कापड पुढे ओढणारे दाते एकमेकांपासून लांब बसवलेले असतात. पाव इंचाची माया शिवताना कापडाची कड उजव्या दात्यांपर्यंत नीट पोचत नाही, ओढ डावीकडून जास्त बसते आणि टीप हळूहळू तिरपी होते. त्यातच त्रिकोणाचं टोक आधी घातलं, तर रुंद भोक ते खाली गिळून टाकतं. यावर उपाय म्हणजे एकाच लहान भोकाची सरळ टिपेची पट्टी आणि उजव्या दात्यांवरही टेकणारा पाव इंची फूट. दोन्ही वस्तू मशीनबरोबर मिळतात की वेगळ्या घ्यायच्या, हे विचारल्याशिवाय दुकानातून निघू नये. अशी पट्टी लावलेली आहे हे मशीनला कळतं का, हेही विचारावं. ती विसरून कुणी जिगझॅग लावला की सुई थेट पोलादावर बसते.

मग नव्या मशीनमधलं खरोखर काय उपयोगाचं? सुई खाली ठेवून थांबण्याची सोय सगळ्यात वर. कापड वळवताना टीप जागची हलत नाही. त्यानंतर गुडघ्यानं फूट उचलायची दांडी, कारण दोन्ही हात गोधडीला धरून बसलेले असतात. फुटाचा दाब कमीजास्त करता आला पाहिजे; फुगीर थरावर जास्त दाब पडला की वरचं कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी चुणी उरते. दोरा आपोआप कापणारं बटण तुकडे जोडताना फार लाडकं होतं. क्विल्टिंगमध्ये मात्र ते फारसं कामाचं नाही, कारण तिथे खालचा दोरा वर ओढून घ्यावा लागतो आणि टोकं लांब ठेवून ती थरांत लपवायची असतात.

वरून आणि खालून एकाच वेळी कापड ओढणारी जोडओढ ही उत्तम गोष्ट आहे. पण तिची गरीब बहीण म्हणजे वॉकिंग फूट, वरचं कापडही पुढे सरकवणारा सुटा फूट. तो जुन्या मशीनलाही बसतो, फक्त दांड्याची उंची पाहून घ्यायचा. अंगानं बोजड, जरा खडखड करणारा, वेगात न रमणारा, तरी सरळ रेघांच्या कामात तो पुरा उतरतो. काम बहुतांश सरळ रेघांचंच असेल, तर आधी हा घेऊन एक गोधडी संपवून पाहावी.

टाक्यांची लांबी राखणाऱ्या रेग्युलेटरबद्दल गैरसमज फार. दाते खाली पाडून मुक्त हातानं शिवताना टाक्याची लांबी हाताचा वेग आणि सुईचा वेग यांच्या मेळावर ठरते. वळणावर हात सुईपेक्षा जोरात गेला, किंवा वरच्या दोऱ्याचा ताण सैल राहिला, की मागच्या बाजूला पापण्यांसारखे ताणलेले आडवे टाके दिसतात. रेग्युलेटर कापड किती सरकलं ते पाहून सुईचा वेग बदलतो, त्यामुळे टाके सारखे पडतात. वळण गोल येणं न येणं मात्र हातावरच. कापड धक्क्याधक्क्यानं सरकलं, तर एकसारख्या टाक्यांचं वेडंवाकडं वळण मिळतं. रेग्युलेटरलाही वेगाची मर्यादा असते. ती ओलांडली की टाके लांबतातच. ज्यांचा हात आधीच बसलेला आहे, त्यांच्यापैकी कित्येक जण तो बंद ठेवून शिवतात.

बॉबिन कुठून घालायची हा प्रश्न माहितीपत्रकात एका ओळीत संपतो, शिवताना संपत नाही. वरून टाकायच्या बॉबिनमध्ये दोरा किती उरला ते झाकणातून दिसतं, पण बदलताना वर पसरलेली गोधडी उचलावी लागते. समोरून घालायच्या बॉबिनला गोधडी जागेवर राहते, फक्त मशीन टेबलात बसवलेलं असलं तर खाली हात घालून चाचपडावं लागतं. मोठ्या गोधडीला दाट टिपा असतील तर बॉबिन दहा-बारा वेळा सहज बदलावी लागते. म्हणून हे दुकानात स्वतः करून पाहण्यासारखं आहे.

नक्षीटाके पाचशे असोत की हजार, गोधडीत लागतात सरळ, जिगझॅग, कापडावर कापड लावताना कडेनं मारायचा ब्लँकेट टाका आणि फार तर आणखी दोन. भरतकामाचा जोड हवा असेल तर तो वेगळा छंद आहे असं समजून त्याचा वेगळा विचार करावा. इलायस हाऊ यांना १८४६ मध्ये पेटंट मिळालं ते दोन धाग्यांच्या ज्या टाक्यासाठी, तोच टाका आजही स्क्रीनवाल्या मशीनमधून पडतो. सिंगरचं १९३३ साली आलेलं फेदरवेट मशीन जेमतेम ५ किलोचं, फक्त सरळ टीप मारणारं. तुकडे जोडायला ते अजूनही जपून वापरलं जातं. मशीन हप्त्यांवर विकायची युक्तीही सिंगरकडे १८५६ पासून आहे, तेव्हा ‘परवडेल कसंबसं’ या वाक्याचं वय तेवढंच म्हणायला हरकत नाही.

पुष्कळांच्या खऱ्या गरजेचं उत्तर दुकानाच्या मधल्या फळीवर असतं. फक्त सरळ टीप, मिनिटाला १५०० टाके, २१-२२ सेंटिमीटरची जागा, गुडघ्याची दांडी, दोरा कापायची सोय आणि एकच लहान भोक असलेली पट्टी. स्क्रीन नाही, जिगझॅग नाही. जिगझॅगसाठी घरातलं जुनं मशीन राहतंच. अशा जोडीपुढे सगळं एकटं करणारं मशीन अनेकदा फिकं पडतं, आणि एक दुरुस्तीला गेलं तरी काम थांबत नाही. लाँगआर्मची, म्हणजे लांब हाताच्या मोठ्या क्विल्टिंग मशीनची, गोष्ट वेगळी. तिथे कापड चौकटीत ताणलेलं असतं आणि मशीन रुळांवर फिरतं. त्या निर्णयात आधी खोली मोजावी, मग बाकीचं.

तरीही मोठं मशीन घ्यायचंच ठरलं तर दुकानात रिकाम्या हातानं जाऊ नये. तिथल्या नमुन्याचं कापड कडक, खळ दिलेलं असतं. त्यावर कुठलंही मशीन गुणी दिसतं. नेहमीच्या कापडाचे, नेहमीच्या भरावाचे १२ इंची तीन-थरी चौकोन पाच-सहा करून न्यावेत, नेहमीचा दोरा आणि नवी सुई न्यावी. आठ थर एकत्र येतात तो जोड मुद्दाम शिवून पाहावा. टीप अगदी कडेपासून सुरू करावी. पेडलवर पाय हलकेच ठेवून एकच टाका पडतो का, की मशीन धावत सुटतं, ते बघावं. शक्य असेल तर घरातली मोठी गोधडी गुंडाळून न्यावी आणि मशीन बंद असताना त्या बोगद्यात कोंबून पाहावी. विक्रेत्याला ते विचित्र वाटेल, वाटू द्यावं. जुने फूट आणि जुन्या बॉबिनी चालतील का, सुटे भाग किती वर्षं मिळतात, सर्किट बिघडलं तर मशीन कुठे पाठवावं लागतं, हे प्रश्न बिल होण्याआधीचे. आणि जुनं मशीन बदल्यात द्यायची घाई नको. नव्यावर एक अख्खी गोधडी गोटापर्यंत पूर्ण होऊ द्यावी.

घरी आल्यावर तसाच एक चौकोन जुन्या मशीनवर शिवायचा. १० इंच सरळ रेघ, खाली थोडं नागमोडी. दोन्ही चौकोनांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण करायची, उलटी बाजू वर करून आठवडाभर कपाटात ठेवून द्यायचे. मग बाहेर काढून, खूण न बघता, कोणता कुठल्या मशीनचा ते सांगून पाहायचं. नाही सांगता आलं, तर मोजपट्टी घेऊन जुन्या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंतचं अंतर पुन्हा एकदा मोजायचं, आणि यंदा किती गोधड्या ६० इंचांपेक्षा रुंद झाल्या ते बोटांवर.