आमची वाटचाल : रंगाच्या आधीचं काम

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला एकाच प्रकारचं काम यायचं. लोकांनी घरी जोडलेली प्लास्टिकची रोबो मॉडेलं आणायची आणि आम्ही ती रंगवून द्यायची. आता प्रदर्शनासाठीचं किट आम्ही न जोडलेलंच मागून घेतो. कारण टेबलावर मॉडेल उठून दिसतं ते रंगाखालच्या कामामुळे. आमच्याकडे एका किटचा बराचसा वेळ रंगाची बाटली उघडण्याआधीच खर्ची पडतो आणि दरही त्याच हिशोबाने लावलेले आहेत.

येणारी किटं बहुतेक बांदाई या जपानी कंपनीची, गंडम या रोबोंच्या ॲनिमेशन मालिकेची. ही किटं 1980 पासून बाजारात आहेत. त्यातली हाय ग्रेड ही श्रेणी 1990 मध्ये आली, मास्टर ग्रेड ही श्रेणी 1995 मध्ये. 1/144 मापाचं (कथेतल्या रोबोच्या 144 व्या हिश्शाचं) मॉडेल साधारण 13 सेंमी भरतं, 1/100 चं 18 सेंमी. गोंद लागत नाही, भाग दाबला की खट्कन बसतो. जोडणाऱ्याची ही सोय रंगवणाऱ्याची अडचण होते, कारण बसलेला भाग सहज सुटत नाही आणि जोर केला तर खुंटी मोडते. म्हणून कच्ची जुळणी करतानाच आम्ही घट्ट खुंट्या अर्ध्या कापतो आणि टोक तिरकं करतो. मग नखाने उचकटला तरी भाग निघतो.

2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं. एक भाग बिघडला म्हणून दुसरं किट मागवणं तेव्हापासून कुणालाच परवडत नाही. त्यामुळे हरवायला किंवा मोडायला सोपे असलेले छोटे भाग आम्ही आधीच सिलिकॉनच्या साच्यात घेऊन रेझिनमध्ये ओतून ठेवतो.

रनरवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, भाग सोडवताना निपर (छोटी कापायची पक्कड) दोनदा चालवायचा. पहिला काप भागापासून 2-3 मिमी लांब, दुसरा अर्धा मिमी गेट (भागाला चौकटीशी जोडणारी दांडी) शिल्लक ठेवून. उरलेला गेट धारदार ब्लेडने पातळ-पातळ सोलायचा, मग 400, 600, 800 नंबरचा वॉटर पेपर. एकाच कापात उरकलं तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. गडद निळ्या नि लाल भागांवर तो लगेच डोळ्यात भरतो. डोक्यावरच्या शिंगांच्या टोकाला मुलांच्या सुरक्षेसाठी जाडसर चपटी जीभ सोडलेली असते. प्रदर्शनाच्या मॉडेलला ती घासून टोक अणकुचीदार करतो आणि ते मॉडेल लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, असं गिऱ्हाइकाला बजावून सांगतो.

सर्वांत जास्त दिवस घेते ती सीमलाइन. दंडाचे किंवा पोटरीचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली रेघ. दोन्ही कडांना जाड सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा द्रव) लावायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा एक हात द्यायचा आणि दाबायचं. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी सलग वर आली पाहिजे. ती कुठे तुटली असेल तर तिथे आत पोकळी राहिलेली असते. मग तीन दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी घासलं तर त्या वेळी पृष्ठभाग सपाट वाटतो, पण आतलं सॉल्व्हंट उडत राहतं, प्लास्टिक आकसतं आणि रंग चढल्यावर तिथेच खोलगट चर दिसतो. सुरुवातीची आमची बरीच कामं याच घाईने परत आली. चर राहिलाच तर त्याच रंगाच्या रनरचे तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून भरतो. गाडीला भरतात ती लांबी (पुट्टी) या कामाला चालत नाही, पुढे चिलखतावरच्या पत्र्यांच्या जोडासारख्या रेघा कोरताना ती कडेला टवकते.

बदल करून हवे असतील तर 0.5 मिमीची स्टायरीन शीट (पातळ प्लास्टिकचा पत्रा) कापून चिलखतावर दुसरा थर देतो, नव्या रेघा कोरतो. कोरताना जाड टेपची कड धरून पाच-सहा हलके हात द्यायचे. पहिल्याच हाताला जोर दिला की पातं भरकटतं. डावी-उजवी बाजू सारखी यावी म्हणून मास्किंग टेपवर नमुना कापून उलटा लावतो.

एअरब्रश (रंग फवारण्याचं पेन) 0.3 मिमी तोंडाचा, हवेचा दाब 15 ते 18 पीएसआय, लॅकर रंगाला दुप्पट थिनर. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर स्वस्त पडतं म्हणून लोक वापरतात, पण उघड्या प्लास्टिकवर ते ओलं बसलं की पृष्ठभाग खातं, बारीक रेघा बुजतात. आणि ठाण्याचा पावसाळा! थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि ग्लॉसवर पांढुरकी झाक येते, मॅटवर तर बुरशी धरल्यासारखं दिसतं. दमटपणा 75 टक्क्यांच्या वर असला की आम्ही फवारा बंद ठेवतो. एसी ड्राय मोडवर, थिनरमध्ये रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव), कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढणं, हे जूनपासून चुकत नाही. जुलै-ऑगस्टची तारीख मागणाऱ्याला आठवडाभर जास्त सांगतो.

सांध्यांची गोष्ट वेगळी. रंगाचा थर पातळ असला तरी घट्ट बसणाऱ्या खुंटीला तो भारी होतो. हात फिरवला की रंग खरवडून निघतो किंवा खुंटीच तुटते. म्हणून खुंट्या आणि खोबण्या टेपने झाकतो, जिथे चिलखताचे भाग एकमेकांवर घासतात तिथे आतून थोडं तासून घेतो. आतल्या सांगाड्याचे भाग बऱ्याचदा एबीएस या प्लास्टिकचे असतात. त्यावर इनॅमलची काळी धुलाई (रेघांत भरायचा पातळ रंग) थेट सोडली तर दाबाखाली असलेला भाग दोन दिवसांत तडकतो. आधी ग्लॉसचा थर द्यायचा, भाग सुटे असतानाच रेघा भरायच्या आणि पूर्ण सुकल्यावर जोडायचं. पाण्याचे डिकलही (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) त्या ग्लॉसवरच, नाहीतर कडेला हवा अडकून चंदेरी दिसतं.

डोळ्यांत एलईडी हवा असेल तर तीन पेन्सिल सेल आणि 220 ओमचा रेझिस्टर बैठकीत लपवतो. दोन दिवस सहज चालतं. पॉवर बँकला इतका थोडा प्रवाह जाणवत नाही, ती आपोआप बंद होते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्राला जायचं तर ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी धरूनच खोका भरावा लागतो: शिंगं, बंदूक आणि पंख सुटे, प्रत्येकाला फोममध्ये स्वतंत्र खण. पवित्रा घरून ठरवून त्याचा फोटो सोबत द्यायचा, उभं मात्र तिथेच करायचं. सोबत चिमटा, थोडं सिमेंट, मूळ रंगाची छोटी बाटली आणि दोन जादा सेल आम्ही खोक्यातच घालून देतो.