हललेला फोटो

निगेटिव्हमध्ये आईचे केस फिके, जवळजवळ पांढरे दिसतात. खरं तर 1989 साली ते काळेभोर होते, ती जेमतेम अठ्ठेचाळीसची होती. ट्यूबकडे धरलेल्या त्या नारिंगी पट्टीत बोटाच्या पेराएवढी आकृती बघताना मी जरा चक्रावलो. मला आठवते ती आई अशीच आहे, पांढऱ्या केसांची.

पट्टी सापडली माळ्यावर. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि पंचवीस वर्षं ज्याला कुणी हात लावला नव्हता त्या सगळ्याचा निकाल लावायची वेळ आली. तुटका झारा, दोन छत्र्या, लग्नात आलेला आणि कधीच न उघडलेला लेमन सेट, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेल्या निगेटिव्ह्ज. मुंबईच्या पावसाळ्यांनी त्यांचं जे करायचं ते केलंच होतं. काहींवर बुरशीची नक्षी उमटली होती, काही एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोडवायची हिंमत होईना. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून जूनपासून मी कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचो, पण निगेटिव्ह्जना तांदूळ कोण देणार? आमच्याकडच्या भाताला पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या चामडी कव्हराचा वास येतो, असं वडिलांचं शेवटपर्यंत ठाम मत होतं.

मी फोटोग्राफर नव्हे. स्पर्धेला फोटो पाठवले नाहीत, कुणाच्या लग्नात पैसे घेऊन काढले नाहीत. नोकरी लागल्यावर बोरा बाजारातून सेकंडहँड पेंटॅक्स के-1000 घेतला, एवढंच. त्यात आपोआप असं काहीच नाही. अंतर, उजेड, वेग सगळं हातानं लावायचं. सेल लागतो तो फक्त उजेड दाखवणाऱ्या काट्याला. 36 फोटोंचा रोल मी दोन दोन महिने पुरवायचो. गणपतीच्या आरतीला भरलेला रोल दिवाळीच्या किल्ल्यावर संपायचा. मग तो धुवायला टाकायचा, काउंटरवरच्या माणसाच्या 'मॅट की ग्लॉसी?'ला दर वेळी नव्यानं गोंधळायचं, आणि तीन दिवसांनी पाकीट आणायचं. ते पाकीट मी घरापर्यंत बंद ठेवलंय असं एकदाही झालं नाही. पहिली चाळण फुटपाथवर उभ्या उभ्याच व्हायची.

त्या पाकिटांत काय असायचं? गावाहून आलेले पाहुणे. मुंबईत आलेल्या पाहुण्याला म्हातारीचा बूट, राणीची बाग आणि गेटवे दाखवणं हा आमच्या पिढीचा धर्म होता. गेटवेला गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले मागे लागायचे आणि माझ्याही गळ्यात कॅमेरा दिसला की ज्या नजरेनं बघायचे ती मी विसरलेलो नाही. मामाला ताजच्या समोर उभं करायचं आणि मागची टॅक्सी निघून जाईपर्यंत थांबायचं. टॅक्सी जायची, तेवढ्यात दुसरी यायची. मामा उन्हात डोळे बारीक करून म्हणायचा, "आटप रे, भूक लागलीय." शेवटी वैतागून दाबायचो. ताज, मामा, आणि मामाच्या कोपरामागून नाक काढणारी काळी-पिवळी पद्मिनी. तेव्हा तो फोटो बिघडला असंच मी धरलं होतं.

मुंबईच्या रस्त्यावरून जुन्या डिझेलच्या डबलडेकर बस सप्टेंबर 2023 मध्ये गेल्या आणि पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सीही गेली. परवा तो फोटो मुलीला दाखवला. ती फोटो जवळ घेऊन, लांब धरून बघत राहिली आणि म्हणाली, "टॅक्सी काय मस्त आलीय! हे आजोबा जरा बाजूला असते ना..."

प्रवासाचे फोटो सांगण्यासारखे नाहीत. आपल्याकडे प्रवासाचा फोटो म्हणजे दगडी काहीतरी आणि त्यापुढे उंचीनुसार उभं घर. ते अल्बम अजून आहेत. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले, आता पिवळे पडलेले. मात्र वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीचा अल्बम नाही. त्या वेळी रोलचं टोक पलीकडच्या दात्यांत अडकलंच नव्हतं. रोल पुढे सरकतोय की नाही ते कळायची खूण साधी असते. लिव्हर ओढली की डाव्या बाजूची रिवाइंडची चकती फिरायला हवी. ती बघायची मी विसरलो. कॅमेऱ्यावरच्या आकड्यात छत्तीस झाले, सदतीस झाले, चाळीस झाले तरी रोल संपेना, तर मी घृष्णेश्वराच्या देवळापाशी सगळ्यांना ऐकवलं की रोल कसा भरायचा याचं तंत्र असतं, चार फोटो जास्त निघतात. धुतल्यावर पट्टी कोरी निघाली, लख्ख.

गंमत अशी की त्या सहलीवर घरात अजून भांडणं होतात. कैलास लेण्यापाशी बहीण पडली की मी, चप्पल कुणाची तुटली, माकडानं पुऱ्यांचा डबा नेला की चिवड्याचा. प्रत्येकाचं वेरूळ वेगळं आहे. ज्या सहलींचे फोटो आहेत त्यांच्यावर कुणी भांडत नाही. सगळे फोटोत आहे तेवढंच सांगतात.

असो. त्या पट्टीकडे येतो.

मित्राकडून निगेटिव्हचा स्कॅनर मागून आणला. स्वयंपाकघरातला तो फोटो पडद्यावर वरून खाली उलगडत गेला. हिरवट. दिवसाच्या उजेडासाठीचा रोल ट्यूबखाली वापरला की असाच रंग येतो, सगळं घर शेवाळात बुडाल्यासारखं. ओटा, स्टीलच्या डब्यांची उतरंड, भिंतीवर कालनिर्णय. आणि आई हललेली. हललेली म्हणजे थोडी नव्हे. चेहऱ्याच्या जागी दोन चेहऱ्यांचं मिश्रण, हाताच्या जागी एक पुसट पंखा. ती तेव्हा काय म्हणत होती ते मला पक्कं आठवतं, कारण कॅमेरा दिसला की ती नेहमी तेच म्हणायची. "अरे, थांब, साडी तरी बदलू दे!" म्हणत वळली असणार. उजेड कमी, सेकंदाच्या पंधराव्या भागाचा वेग. कॅमेरा मी फ्रिजवर टेकवला होता म्हणून घर हललं नाही, पण तेवढ्या वेळात आई काळाच्या पुढे निघून गेली. त्या काळी हललेले फोटो स्टुडिओवाला प्रिंटच करायचा नाही. "साहेब, तुमचे पैसे वाचवले," म्हणायचा. म्हणून हा फोटो पाकिटात आलाच नव्हता. मी तो आज पहिल्यांदा बघत होतो.

फोटो हलणं ही तक्रार फोटोइतकीच जुनी आहे. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. ती हौशी मंडळी समोरच्याला कित्येक सेकंद पुतळा करून बसवायची. मान डुलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावायची तेव्हा सगळीकडे पद्धत होती. त्याच्याही आधी, 1838 मध्ये, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरनं पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. प्रकाश घ्यायला काही मिनिटं लागली. गाड्या, घोडे, येणारीजाणारी माणसं सगळी चालती, त्यामुळे फोटोत एकही उमटलं नाही. उमटला एक माणूस, जो बुटाला पॉलिश करून घेत उभा होता, आणि त्याच्या पायाशी पॉलिशवाला. आमच्या दादर स्टेशनच्या पुलाचा तसा फोटो काढला तर पूल रिकामा दिसेल आणि फक्त भाजीवाल्या उरतील.

मुलीनं उपाय सुचवला. "बाबा, एका अ‍ॅपमध्ये टाक, चेहरा क्लिअर करून देतं." टाकला. दहा सेकंदांत चेहरा क्लिअर झाला. गोरीपान, रेखीव भुवयांची, मालिकेतल्या सासूसारखी एक बाई आमच्या ओट्यापाशी उभी राहिली. नाकही सरळ केलं होतं. मुलगी म्हणाली, "सेम आजी!" ती आजीला भेटली तेव्हा आजी पंच्याहत्तरीची होती, त्यामुळे तिला दोष नाही. पण त्या अ‍ॅपनं मागचं कालनिर्णयही सुधारलं होतं, आणि तिथे मात्र त्याचं पितळ उघडं पडलं. तारखांच्या जागी देवनागरीसारखं दिसणारं, पण कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी लटकत होतं.

म्हणून मी पुन्हा मूळ फोटोकडे गेलो आणि भिंत मोठी करून बघितली.

कबूल करतो, फोकस आईवर नव्हताच. तेवढ्या उजेडात तो जुळेना, तेव्हा मी कालनिर्णयच्या ठळक आकड्यांवर जुळवून घेतला होता. त्यामुळे पान स्वच्छ आलं होतं. खिळ्यापासून खालच्या दुमडलेल्या कोपऱ्यापर्यंत. 1973 पासून मराठी घरांत हे कॅलेंडर भिंतीवर आहे आणि माझ्या मते त्यातली तिथी-नक्षत्रं हा जोडधंदा. मुख्य काम दुधाच्या हिशेबाचं. तारखांच्या चौकोनांत आईचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं. दोन ठिकाणी 'दूध नाही'. एका ठिकाणी 'अर्धा लि. जादा', बहुतेक पाहुणे आले असावेत. नऊ तारखेला 'गॅस', भोवती गोल. नवा सिलिंडर लावला की ती गोल करायची आणि मग महिनाभर त्या गोलाकडे बघून फोडण्या द्यायची. 'इस्त्री 14 नग'. 'ताई फोन' आणि पुढे प्रश्नचिन्ह. फोन तेव्हा खालच्या मजल्यावर होता. 'ळ' ती नेहमी एक वेढा जास्त देऊन काढायची, तो वेढासुद्धा दिसत होता. फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधावं लागतं, पण अक्षर बघून कुणीही सांगेल की ही आमची आई.

चोवीस तारखेच्या चौकोनात लिहिलं होतं, 'बंडू फोटो 140 दिले'. म्हणजे महिनाअखेरीला माझ्याकडे पैसे नव्हते आणि आधीचा रोल मी तिच्या घरखर्चातून सोडवून आणला होता. हे मला मुळीच आठवत नाही. तिनं कधी मागितल्याचंही आठवत नाही. खाली पेन्सिलीनं, वेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं, 'बाकी'.

पुढे ते मी फेडले की नाही, ते कळायला मार्ग नाही. पुढच्या महिन्याचं पान या पानाच्या मागे आहे.